खर्जाची साथ

गिरगांवांतील मैफलींत गवई समेवर आला कीं दाद त्यालाच मिळते. पेटी-तबल्यानें त्याला कसें तोलून धरलें, इकडे थोड्यांचेंच लक्ष जातें. युरोपच्या संगीतांत एका साथीच्या वाद्यानें मात्र ही पायरी ओलांडली. तें वाद्य म्हणजे चेलो.

सतराव्या शतकांत वरचें गाणें व्हायोलिनचें. चेलोनें खर्ज सांभाळावा, अशी वाटणी होती. खर्जाची तांत जाड असल्यानें जलद वादन कठीण पडे. शतकाच्या उत्तरार्धांत तांतीवर धातूची तार गुंडाळण्याची युक्ति निघाली आणि बारीक तांतींतूनही खोल स्वर उमटूं लागला. इटलींतील बोलोन्या येथें दोमेनिको गाब्रिएल्ली यानें १६८९ च्या सुमारास केवळ चेलोसाठीं रचना केल्या. पुढें विवाल्डीच्या सहा चेलो-सोनाटा १७४० च्या सुमारास पॅरिसला छापल्या गेल्या. सोनाटा म्हणजे गावयाची नव्हे, वाजवावयाची रचना. यांत विलंबित, द्रुत, पुन्हां विलंबित, पुन्हां द्रुत असे चार भाग आहेत.

मुख्य गाणें चेलोकडे आल्यावर साथ कोणाची? ती ‘कंटिन्युओ’ची. बहुधा दुसरा चेलो खर्ज धरी आणि हार्पसिकॉर्ड, म्हणजे पट्ट्या दाबून तारा छेडण्याचें वाद्य, वरचे स्वर भरी. त्या वादकाला रचनाकार फक्त खर्जाची ओळ व कांहीं आंकडे देई. ६ हा आंकडा दिसला कीं खर्जापासून तिसरा व सहावा स्वर घ्यावयाचा. पण तो भरीव घ्यावा कीं हलका, हें वादकानें तेथल्या तेथें ठरवावें. इकडचा साथीदार कानानें गवयामागून जातो. तेथें खर्ज आधीं लिहिलेला असतो, एवढेंच अंतर. विश्वास दोहींकडे सारखाच.

युरोपची ही लिखित स्वरविद्या पोर्तुगीजांबरोबर गोव्यांत आली. तेथील चर्चच्या शाळांत मुलें स्वरलिपि व व्हायोलिन शिकत. बोलपटांचा काळ येतांच अशा वादकांना मुंबईच्या स्टुडिओंत काम मिळालें. दादरला रणजीत होता, परळला १९४२ सालीं राजकमल कलामंदिर निघालें. संगीत-दिग्दर्शकाची चाल वाद्यवृंदासाठीं कागदावर उतरविण्याचें काम पुष्कळदां गोमंतकीयच करीत. त्या कागदांवर चेलोला बहुधा पुन्हां खालचीच ओळ येई, आणि पडद्यावर वादकाचें नांव क्वचितच झळके.

माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं मुंबईंत भारतीय व पाश्चात्य वादकांचा वाद्यवृंद उभा केला. परंतु घरोघरीं त्यांचें नांव पोंचलें तें १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यानें. शिष्य प्यारेलाल यांची ती गुरुवंदना होती. तो खराखुरा माणूस आहे, हें कित्येकांना ठाऊकच नव्हतें.

जुनें चित्रपटगीत कानीं पडेल तेव्हां श्रोत्यांनीं गळ्याखालून वाहणारा खर्जही ऐकावा. ती ओळ वाजविणाराचें नांव तबकडीवर बहुधा सांपडणार नाहीं. त्याची दाद द्यावयाची राहून गेली आहे.