दृश्य अभिज्ञान : अक्षरांचे व वस्तूंचे

डोळ्यांपुढील आकृती कशाची आहे, हे ओळखण्याची मानसिक प्रक्रिया. छापील, हस्तलिखित, तिरपा किंवा अर्धवट पुसलेला ‘क’ एकमेकांशी तंतोतंत जुळत नाही. तरी वाचक तो क्षणात ओळखतो. खुर्ची समोरून पाहिली काय किंवा मागून, दृष्टिपटलावरची प्रतिमा बदलते, ओळख बदलत नाही. हे कसे घडते, हा या विषयातील मूळ प्रश्न होय.

वैशिष्ट्य-विश्लेषण : प्रत्येक आकाराचा तयार साचा स्मृतीत असतो, असे मानल्यास एकाच अक्षरासाठी असंख्य साचे लागतील. ऑलिव्हर सेल्फ्रिज यांनी १९५९ मध्ये वेगळी उपपत्ती मांडली. तीनुसार आधी आडव्या, उभ्या, तिरक्या व वक्र रेषा टिपल्या जातात आणि त्यांच्या मेळावरून अक्षर ठरते. त्याच सुमारास डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझल यांना मांजराच्या मेंदूत विशिष्ट कलाच्या रेषेलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी आढळल्या. या दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. देवनागरीतही बारीक वैशिष्ट्यांवर बरेच अवलंबून असते. ‘व’ आणि ‘ब’ किंवा ‘प’ आणि ‘ष’ यांना एक तिरकी रेघ वेगळे करते. ‘म’ आणि ‘भ’ किंवा ‘घ’ आणि ‘ध’ यांत डावीकडची गाठ व शिरोरेषेतील खंड पाहावा लागतो. नवशिक्या मुलांचा गोंधळ नेमका अशाच जोड्यांत होतो.

वस्तूंचे घटक : अर्विंग बीडरमन यांच्या १९८७ च्या उपपत्तीनुसार नळकांडे, ठोकळा, शंकू यांसारख्या सुमारे ३६ मूळ घनाकृतींतून वस्तू ओळखल्या जातात. घटकांइतकीच त्यांची मांडणी महत्त्वाची असते : नळकांड्याच्या बाजूला वक्र कडी असली तर कप, वर असली तर बादली. रेखाचित्रातील रेषांचे मधले तुकडे पुसले तरी वस्तू ओळखता येते. कोपरे व सांधे पुसले तर ओळखणे फार अवघड होते.

संदर्भाचा वाटा : ओळख केवळ सुट्या भागांकडून पूर्णाकडे जात नाही. जेरल्ड रायकर यांच्या १९६९ च्या प्रयोगात क्षणभर दाखवलेले अक्षर एकटे असताना जितके अचूक ओळखले गेले, त्याहून शब्दात असताना अधिक अचूक ओळखले गेले. जेम्स मॅक्लेलंड व डेव्हिड रूमेलहार्ट यांच्या १९८१ च्या प्रतिमानात याचे स्पष्टीकरण मिळते : अक्षरे शब्दाला चालना देतात आणि चालना मिळालेला शब्द उलट आपल्या अक्षरांना बळ देतो.

मेंदू व विकार : दृष्टी शाबूत असूनही वस्तू ओळखता न येण्याच्या विकाराचे दोन प्रकार हाइनरिश लिसाउअर यांनी १८९० मध्ये सांगितले : आकाराची जुळणीच न होणे आणि आकार कळूनही अर्थ न लागणे. झ्यूल देझरीन यांनी १८९२ मध्ये वर्णिलेला रुग्ण वस्तू ओळखत असे, लिहूही शके. मात्र स्वतः लिहिलेले त्याला वाचता येत नसे. बोटाने अक्षर गिरवले की ते त्याला कळे. लॉराँ कोएन, स्टानिस्लास दहेन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये मेंदूच्या डाव्या अर्धात, मागील-खालच्या भागात, लिखित शब्दांना प्रतिसाद देणारे क्षेत्र दाखवले. लेखनकला जेमतेम ५,००० वर्षांची. तिच्यासाठी मेंदूत जन्मजात केंद्र उत्क्रांत होण्याइतका हा काळ नाही. म्हणून वाचन शिकताना वस्तू व चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेचाच एक भाग अक्षरांच्या कामी लागतो, असे दहेन मानतात. या दृष्टीने साक्षरता हा शिक्षणाने मेंदूत घडवलेला बदल ठरतो.