मैलागाळ : सुरक्षित हाताळणी

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, कामगारांच्या तोंडी ‘एसटीपी’वर, टाक्यांच्या तळाशी बसणाऱ्या दाट, काळपट रबडीला मैलागाळ म्हणतात. दिसायला दाट असला तरी त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. तो उपसणे, पाचक टाकीत सोडणे आणि पिळून वाळवणे या कामांत तत्काळ जीव घेणारा धोका वायूंचा असतो, जंतूंचा त्यानंतर.

हवा न मिळालेल्या गाळात जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो हवेपेक्षा जड, म्हणून पंपाच्या विहिरीत खाली साचतो. त्यातला बराचसा गाळातच अडकून असतो. फावडे लागले किंवा पाय रुतला की एकदम उसळतो. त्यामुळे उतरण्यापूर्वी एकदा हवा तपासून भागत नाही, वायुमापक कामगाराच्या छातीशी शेवटपर्यंत चालू हवा. सडक्या अंड्यांच्या वासावर भिस्त ठेवणे तर घातकच. सुमारे १०० पीपीएमला नाक काही मिनिटांत बधिर होते आणि वास गेला तसा वायूही गेला असे वाटते. १,००० पीपीएमच्या आसपास माणूस एकदोन श्वासांत कोसळू शकतो. मिथेनही असतोच, हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने भडकतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरायचेच नाही.

खाली पडलेल्या सोबत्यामागे धावून उतरलेला दुसरा, कधी तिसराही, अशाच दुर्घटनांत दगावतो. ती धाव मायेची असते, म्हणूनच नियम आधी ठरलेला हवा : वरच्याने उतरायचे नाही, तिवईवरच्या कप्पीने दोर ओढायचा. तोंडाला बांधलेला रुमाल इथे निरुपयोगी. श्वासासाठी बाहेरची हवा देणारे उपकरणच लागते. भारतात २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणसाला गटारात वा सेप्टिक टाकीत उतरवणे गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली.

गाळात हिपॅटायटिस ‘ए’चे विषाणू व लेप्टोचे जिवाणू असू शकतात. गोलकृमीची अंडी सर्वांत चिवट; सुमारे ३५ अंश सेल्सिअसच्या पाचक टाकीतूनही ती जिवंत निघतात. हातमोजे काढल्यावर साबणाने हात धुण्याआधी मळलेला तंबाखू हा त्यांचा पोटात जाण्याचा सोपा रस्ता. धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी, जखम झाकावी. कामाचे कपडे केंद्रावरच धुतले जावेत. घरी गेले तर मुलांच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजतात.