टाकीला, पाइपला मोठे भोक पाडताय? आधी माप घ्या, मग होल सॉ निवडा

पाण्याच्या टाकीला आउटलेट बसवायचा असो, पीव्हीसी पाइपला सॅडल लावायचे असो की पत्र्याच्या पेटीतून केबल काढायची असो, साधे ड्रिल बिट पुरत नाही. मग बरेच जण सळई तापवून भोक पाडतात. ते वाकडेतिकडे होते, वायसर बसत नाही आणि टाकी गळत राहते. अशा कामाला होल सॉ घ्यावा. वाटीसारखा आकार, कडेला करवतीचे दात आणि मधोमध साधारण ६ मिमीचे पायलट बिट, अशी त्याची रचना असते.

माप कुठे चुकते?

नळाच्या फिटिंगचे इंची माप ढोबळमानाने आतल्या पोकळीचे असते. होल सॉचे माप मात्र थेट भोकाचे. १ इंची निपलचे आटे बाहेरून ३३ मिमीच्या थोडे वर भरतात, तर १ इंची होल सॉ २५ मिमीचेच भोक पाडतो. अर्धा इंचीचे आटे साधारण २१, पाऊण इंचीचे २६.५, दीड इंचीचे ४८ आणि २ इंचीचे ६० मिमी असतात. निपल दुकानात नेऊन मोजावा आणि १-२ मिमी मोठा होल सॉ घ्यावा. सॅडलसाठी मात्र भोक रबरी रिंगच्या आतच राहिले पाहिजे.

कशाला कोणता?

- प्लास्टिक टाकी, पीव्हीसी, लाकूड : साधा कार्बन स्टीलचा
- लोखंडी पत्रा, पाइप : बायमेटल
- स्टेनलेस स्टील : कार्बाइड दातांचा
- फरशी, ग्रॅनाइट : डायमंड, पाणी सोडत

वापरताना

भोक जितके मोठे, तितका वेग कमी. लोखंडावर बायमेटलने २५ मिमीला साधारण ३५०, तर ५० मिमीला १७० फेरे मिनिटाला पुरतात. सोबत थोडे तेल सोडावे. हॅमर बंद ठेवावा. मशीन सरळ धरावे, जोर लावू नये, मधूनमधून बाहेर काढून कीस झाडावा. ग्रायंडरला होल सॉ लावू नये.

होल सॉ अडकला की मशीन झटका देऊन मनगट पिरगळते. त्यामुळे साइड हँडल दोन्ही हातांच्या कामाचे. गॉगल घालावा, हातमोजे, उपरणे, सैल बाह्या नकोत. टाकी आधी रिकामी करावी, ओल्या जागी वायरचे मशीन चालवू नये.

भोक लहान पडले तर पायलटला आधार राहत नाही. हव्या मापाचे भोक पाडलेली प्लायची फळी वर घट्ट आवळावी आणि त्यातून पायलट बिट काढलेला होल सॉ चालवावा. मोठे झालेले भोक मात्र लहान होत नाही.

शेवटी भोकाची कडा घासून घ्यावी. कापलेली चकती आणि कीस पाइपमध्ये राहू देऊ नये. ठिबकची लाइन असेल तर शेवटची टोपणे काढून पाणी सोडावे, नाहीतर तोच कीस ड्रिपरमध्ये जाऊन अडकतो.