घरातले काम, पण कामगार कोणाचा? बिडीच्या सुपापासून हेडफोनपर्यंतचा एक जुना वाद

महाड किंवा पोलादपूरमधील एखादे घर डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे अकरा वाजले आहेत आणि एक तरुणी कानांना हेडफोन लावून संगणकासमोर बसली आहे. अमेरिकेतील एखाद्या डॉक्टरने रुग्ण तपासून झाल्यावर भरभर सांगितलेले निदान ती ऐकते आणि टंकलिखित करते. या कामाला मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. मोबदला ओळीवर मिळतो, आणि या व्यवसायात ओळ म्हणजे साधारणपणे रिकाम्या जागा धरून ६५ अक्षरचिन्हे. तयार मजकूर तपासनिसाकडे जातो. तेथे चुका निघाल्या की पैसे कापले जाण्याची शक्यता असते. संगणक तिचा, विजेचे बिल तिचे, इंटरनेटही तिचेच. करारपत्रात मात्र तिला बहुधा ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हटलेले असते.

ती नोकर आहे की खरोखरच स्वतंत्र व्यावसायिक?

हा प्रश्न इंटरनेटच्या युगातला वाटतो, पण तो तसा नाही. महाराष्ट्रात आणि शेजारच्या मध्य प्रदेशात तो किमान सात दशके न्यायालयांत लढवला गेला आहे. तेव्हा समोर संगणक नव्हता. मांडीवर सूप होते आणि त्यात तेंदूची पाने व तंबाखू.

इतिहासाकडे वळण्यापूर्वी या प्रश्नाच्या उत्तरावर काय काय अवलंबून आहे ते पाहू. बिरवाडीजवळच्या महाड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात कायम नोकरीत असलेल्या कामगाराला भविष्यनिर्वाह निधी मिळतो, पगारी रजा मिळते, ग्रॅच्युइटी मिळते. घरी बसून ओळी टंकणाऱ्या ‘व्यावसायिका’ला यांपैकी काहीही आपोआप मिळत नाही. आयकरातही वाट वेगळी होते. उत्पन्न ‘पगार’ असेल तर प्रमाणित वजावट मिळते (नव्या करप्रणालीत २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून ७५,००० रुपये). ‘व्यावसायिक शुल्क’ असेल तर ती वजावट नाही, मात्र वीज, इंटरनेट, संगणकाची झीज असा धंद्याचा खर्च दाखवता येतो. महाराष्ट्राचा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला. रोजगार हमी योजनेला पैसा उभा करणे हा त्याचा हेतू होता. नोकरदाराच्या पगारातून तो मालक कापून भरतो. स्वतंत्र व्यावसायिकाने स्वतः नोंदणी करून भरायचा असतो. २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना त्यातून सूट आहे. ही सूट वेतनाला आहे, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: मिळते ते वेतन आहे का?

आणि जुलै २०२१ विसरता येत नाही. सावित्री-गांधारीच्या पुराने महाड बुडाले, वीज गेली, मोबाईलचा संपर्क तुटला. अशा दिवसांत पगारदार रजा मांडू शकतो. ओळीवर काम करणाऱ्याच्या खात्यात त्या दिवसांचे शून्य जमा होते.

मोजून मिळणारा मोबदला या भागाला नवा नाही. महाड-पोलादपूरच्या कित्येक घरांत एके काळी चूल पेटत असे ती मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर. गिरणीतला विणकर उक्त्या दराने, म्हणजे विणलेल्या कापडाच्या मापाने, पैसे मिळवी. कापडात दोष निघाला की ते खराब कापड त्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत मजुरीतून वळती करण्याची रीत होती. १९२८ च्या सार्वत्रिक संपातल्या तक्रारींत तिचाही समावेश होता. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने दंडावर मर्यादा आणली: वेतनाच्या रुपयामागे जास्तीत जास्त अर्धा आणा. परंतु तो विणकर ‘कामगार’ आहे की नाही, असा संशय कोणी घेतला नाही. तो गिरणीच्या दरवाजातून आत जात होता, आणि कायदा त्या दरवाजापाशी उभा होता.

बिडीने हा दरवाजाच काढून टाकला.

बिडी वळायला यंत्र लागत नाही. भिजवलेले पान, पत्र्याचा फर्मा, कात्री, तंबाखू आणि दोरा एवढे पुरते. मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे नागपूर-भंडारा-गोंदिया पट्ट्यात, हा धंदा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फोफावला. पुढे नाशिक जिल्ह्यातील सिन्नर, नगर जिल्ह्यातील संगमनेर आणि सोलापूर ही नावे बिडीशी जोडली गेली. १९३१ साली अहवाल देणाऱ्या रॉयल कमिशनने बिडीच्या कोंदट खोल्यांत काम करणाऱ्या लहान मुलांची दखल घेतली. १९३७ मध्ये मध्य प्रांताने ‘अनियंत्रित कारखान्यां’साठी वेगळा कायदा केला. १९४८ चा फॅक्टरी कायदा आला तेव्हा विजेविना चालणाऱ्या कारखान्यासाठी किमान २० कामगारांची अट होती. मालकाच्या दृष्टीने यातून सुटण्याचा मार्ग उघड होता. कामगारांना एका छपराखाली आणायचेच नाही. पाने आणि तंबाखू ठेकेदाराच्या हाती द्यायची, त्याने ती घरोघर वाटायची आणि हजाराच्या दराने बिड्या गोळा करायच्या. कायदा जसजसा कारखान्यात शिरला तसतसे काम कारखान्यातून घरात गेले. घरून काम करण्याची ही पद्धत कामगाराच्या सोयीसाठी जन्मली, असे निदान बिडीच्या बाबतीत तरी म्हणता येत नाही.

मग खटले सुरू झाले.

पहिला मोठा निकाल १९५८ चा: चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. सागर येथील बिडी कारखान्यात ‘सट्टेदार’ तंबाखू घेऊन जात, आपल्या ठिकाणी किंवा इतरांकडून बिड्या वळवून घेत आणि माल आणून देत. हे सट्टेदार कारखान्याचे कामगार का? सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिले की नाही, ते स्वतंत्र ठेकेदार आहेत. कसोटी अशी: काम काय करायचे एवढेच मालक सांगतो, की ते कसे करायचे यावरही त्याचा ताबा असतो?

पुढचा खटला नागपूरचा. बिरधीचंद शर्मा प्रकरणात तीन बिडी कामगारांनी पंधरा दिवसांची रजा घेतली, मालकाने त्या दिवसांचे पैसे दिले नाहीत, आणि वाद दिल्लीपर्यंत गेला. मालकाचे म्हणणे असे की हे लोक हवे तेव्हा येतात, हवे तेव्हा जातात, उक्त्या दराने पैसे घेतात. त्यांच्यावर देखरेख कुठे आहे? डिसेंबर १९६० मध्ये न्यायमूर्ती वांछू यांनी दिलेले उत्तर या साऱ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. बिडी वळण्याचे काम असे आहे की कामगाराच्या डोक्याशी दिवसभर उभे राहण्याची गरजच नसते. दिवसाअखेरीस निकृष्ट बिड्या नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, आणि तेवढे नियंत्रण पुरेसे आहे. ते तिघे कामगार ठरले.

पण वाट सरळ नव्हती. वर्षभरातच, १९६१ मध्ये, शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात चार दिवसांच्या पगारी रजेवरून तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि बहुमताने उलट निकाल लागला. हा बिडीवाला कामगार नव्हे, कारण येण्याजाण्याची आणि किती काम करायचे याची त्याच्यावर सक्ती नव्हती. या निकालाला असहमती नोंदवणारे न्यायाधीश होते तेच सुब्बा राव, ज्यांनी १९५८ मध्ये सट्टेदारांना ठेकेदार ठरवले होते. त्यात विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. सट्टेदार इतरांकडून काम करवून घेणारा मध्यस्थ होता. इथे स्वतःच्या बोटांनी बिडी वळणारा माणूस होता. त्यांनी हा फरक पाहिला, बहुमताने पाहिला नाही, असेच दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचताना वाटते.

१९६४ मध्ये सेलमच्या प्रकरणात न्यायालय एक पायरी पुढे गेले. मालक आणि वळणारे यांच्यामध्ये उभे केलेले ‘स्वतंत्र ठेकेदार’ प्रत्यक्षात कफल्लक माणसे होती. ती मालकाची हस्तकेच होती. ठेकेदाराचा पडदा बाजूला सारून न्यायालयाने कामगारांचे नाते थेट मालकाशी जोडले.

निकाल असे उलटसुलट येत असताना संसदेनेच व्याख्या बदलली. बिडी व सिगार कामगार कायदा, १९६६ याने ज्याला कच्चा माल देऊन घरी बिड्या वळवून घेतल्या जातात, त्यालाही ‘कर्मचारी’ म्हटले. या कायद्याखालील महाराष्ट्राच्या नियमांत एक गोष्ट फार बोलकी आहे. त्यांत ‘छाट’ हा कामगारांच्या तोंडचा शब्दच आला आहे. छाट म्हणजे निकृष्ट म्हणून बाजूला काढलेली बिडी. एरवी मालक छाट काढून तिचे पैसे देत नसे आणि तीच बिडी ठेवून घेई, ही जुनी तक्रार. नियम आला की सामान्यतः पाच टक्क्यांहून अधिक छाट काढता येणार नाही, आणि कामगाराच्या हेतुपुरस्सर निष्काळजीपणामुळे नसेल तर छाटलेल्या बिडीलाही निम्मा दर द्यावा लागेल. उत्पादकांनी कायद्याला आव्हान दिले. जानेवारी १९७४ मध्ये मंगलोर गणेश बिडी वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न तरीही उरलाच. १९७७ मध्ये बिडी उद्योग त्या कायद्याखाली आला आणि उत्पादक पुन्हा न्यायालयात गेले. घरी वळणाऱ्या बाईला आम्ही ओळखतही नाही, तिच्या घरातले इतरही हात लावतात, असा युक्तिवाद होता. १९८५ च्या पी. एम. पटेल अँड सन्स निकालाने तो फेटाळला. घर हे कामाचे ठिकाण असू शकते, नाकारण्याचा अधिकार हेच नियंत्रण आहे, आणि कामगाराची ओळख पटवायला तिच्याजवळचे कामाचे नोंदपुस्तक आहे.

या एका ओळखीचे मोल किती, ते सोलापुरात दिसते. १९७६ च्या कायद्यांनी बिडीवर उपकर बसवला आणि त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरबांधणी यांचा कल्याण निधी उभा राहिला. शहराजवळच्या कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने बिडी कामगार स्त्रियांची १०,००० घरांची वसाहत झाली; २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. ज्यांच्याजवळ ओळखपत्र होते, त्यांनाच या निधीचे दार उघडत होते. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला, ही पुढची गोष्ट. तिच्यासाठी वेगळा धागा लागेल.

आता महाडच्या त्या घरात परत येऊ. सूप आणि हेडफोन यांत अंतर मोठे आहे. शिक्षण वेगळे, मिळकत वेगळी. व्यवहाराची घडण मात्र तीच आहे. हजारी दराऐवजी ओळीचा दर. तेंदूपानाऐवजी कंपनीकडून येणारी ऑडिओ फाईल. छाटीऐवजी गुणवत्ता तपासणी. अनेक ठिकाणी तर यंत्र आधी कच्चा मजकूर तयार करते आणि माणसाने तो फक्त दुरुस्त करायचा, म्हणून ओळीचा दर आणखी खाली. तरीही ट्रान्सक्रिप्शनसाठी १९६६ सारखा कायदा झाला नाही, आणि पाच टक्क्यांच्या मर्यादेसारखा नियमही नाही. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार क्र. १७७ आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये संमत केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा बिडी कायदा त्यांत विलीन झाला. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गृहाधारित कामगार’ ही व्याख्या आहे. मालकासाठी स्वतःच्या घरी मोबदला घेऊन वस्तू किंवा सेवा निर्माण करणारी व्यक्ती असा तिचा आशय, आणि साधने कोणाची आहेत याने तिच्यात फरक पडत नाही. ‘सेवा’ या शब्दामुळे ट्रान्सक्रिप्शनिस्ट या व्याख्येत बसते. पण ही व्याख्या तिला असंघटित कामगारांच्या रांगेत उभी करते, जिथे सरकारी योजना असतात, मालकाचा भविष्यनिर्वाह निधीतला वाटा नसतो. तो हवा असेल तर तिला ‘कर्मचारी’ ठरावे लागेल, आणि त्यासाठी पुन्हा नागपूर, सेलम आणि १९८५ च्या कसोट्यांकडेच जावे लागेल: काम नाकारण्याचा अधिकार कोणाला, वेळ कोण ठरवते, दुसऱ्या कोणाचे काम घेण्याची मुभा आहे का.

या कसोट्यांना पुरावा लागतो. बिडीवालीजवळ निदान तिचे नोंदपुस्तक होते, ज्यात किती पाने दिली, किती बिड्या आल्या, किती छाटल्या हे लिहिलेले असे. ट्रान्सक्रिप्शनिस्टच्या बाबतीत तीच नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते, आणि काम सुटले की तिचा पासवर्ड बंद होतो.