औरंगाबादच्या सभागृहांतील स्त्रिया

निजामाचें राज्य १९४८ सालीं संपलें आणि १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या, स्त्रियांनाही मत देतां आलें. पण मत देणें निराळें आणि नगराचा कारभार पाहणें निराळें. तेथें १९८२ सालीं महानगरपालिका स्थापन झाली. तिची पहिली निवडणूक मात्र १९८८ सालीं. महाराष्ट्रानें स्त्रियांसाठीं १९९० सालीं तीस टक्के जागा राखल्या, १९९३ च्या घटनादुरुस्तीनें त्या किमान एकतृतीयांश ठरल्या आणि २०११ सालीं निम्म्या झाल्या. आसन बाईंचें आणि कारभार यजमानांचा, अशी थट्टा सर्वत्र झाली. ती अगदींच निराधार नव्हती. तथापि २००७ पासून विजया रहाटकर, अनिता घोडेले आणि कला ओझा अशा तीन स्त्रिया ओळीनें महापौरपदीं बसल्या, तेव्हां तिची धार बरीच बोथट झाली.

एप्रिल २०२० मध्यें सभागृहाची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला आणि पांच वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाहीं. जागा पुरुषांच्याही गेल्या, हें खरें. परंतु ज्या शहरांत नळाला पाणी कित्येक दिवसांआड येई आणि तें भरून ठेवण्याचें काम बहुधा बाईकडेच असे, तेथें भर सभेंत त्याचा जाब विचारणारी तिची प्रतिनिधि तेवढीं वर्षें नव्हती.