वृद्धांच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेतील जोखमीचा अंदाज

वृद्ध रुग्णाच्या मणक्यावर शस्त्रक्रिया करण्याआधी, तिच्यातून उद्भवू शकणाऱ्या गुंतागुंतींची शक्यता तपासण्या व गुणांकांच्या आधारे आजमावणे. उतारवयात ही शस्त्रक्रिया बऱ्याचदा कंबरेतील मज्जानलिका अरुंद होऊन नसा दबल्यामुळे करावी लागते. तिच्यानंतर जखमेत जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी किंवा घरच्या माणसांनाही न ओळखण्याइतका तात्पुरता बुद्धिभ्रम होऊ शकतो. हाडे ठिसूळ असल्यास बसवलेले स्क्रू सैल होतात.

भूलतज्ज्ञ वापरतात ती शारीरिक स्थितीची वर्गवारी अमेरिकेत १९४१ मध्ये मांडली गेली. मेरी चार्ल्सन व सहकाऱ्यांचा सहव्याधी निर्देशांक १९८७ चा. परंतु एकाच वयाची, तेच आजार असलेली दोन माणसे शस्त्रक्रिया सारखीच सोसत नाहीत. हा फरक जर्जरतेतून, म्हणजे शरीराची राखीव ताकद किती आटली आहे यावरून कळतो. लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिची पाच लक्षणे सांगितली : आपोआप वजन घटणे, सततचा थकवा, हाताची ढिली पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. यांपैकी तीन आढळली की रुग्ण जर्जर मानतात. मणक्याच्या अभ्यासांत पुष्कळदा वापरला जाणारा पाच घटकांचा निर्देशांक मात्र मधुमेह, औषधे चालू असलेला उच्च रक्तदाब, श्वासमार्गाचा जुनाट विकार, हृदयाची अकार्यक्षमता आणि परावलंबन एवढेच मोजतो. तो सोयीचा आहे, पण त्यातले चार घटक आजारच आहेत. त्याला जर्जरतेचे पुरते माप म्हणता येणार नाही.

खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे आणि लागलेला वेळ मोजायचा, ही चाचणी कोणत्याही दवाखान्यात होते. मणक्याच्या रुग्णात तिचा अर्थ जपून लावावा लागतो. नसा दबलेला रुग्ण थोडे चालताच पाय भरून येऊन थांबतो, पुढे वाकतो, मग पुन्हा निघतो. त्याची मंद चाल वार्धक्याची नसून मूळ दुखण्याची असू शकते. शस्त्रक्रियेने सुधारण्याजोग्या या उणिवेवरून शस्त्रक्रियाच नाकारणे अन्यायाचे ठरेल. मानेत मज्जारज्जू दबला असल्यास पकडीबाबतही हीच सावधगिरी हवी.

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचा २०१३ चा जोखीम गणक टक्केवारी देतो. तिच्यामागची माहिती मुख्यतः अमेरिकी रुग्णालयांतील आहे, आणि ती टक्केवारी तशाच अनेक रुग्णांच्या अनुभवाची असते. समोरच्या रुग्णाचे भविष्य ती सांगत नाही. अंदाजाचा खरा उपयोग तयारीसाठी होतो. रक्तातील साखर आटोक्यात आणणे, तंबाखू सोडवणे, रक्तक्षय व कुपोषण भरून काढणे, हाडांच्या घनतेवर उपचार करणे या गोष्टींना आठवडे, कधी महिने लागतात. लघवी-शौचावरील ताबा सुटला किंवा पायांतील शक्ती झपाट्याने जाऊ लागली, तर मात्र एवढी सवड नसते. अशा वेळी जोखीम अधिक असली तरी शस्त्रक्रियेचा निर्णय तातडीनेच घ्यावा लागतो.