पाहुणे गायक, यजमान तबलजी

मैफल गवयाची आणि तबलजी त्याचा साथीदार, ही हिंदुस्थानी संगीतांतील जुनी रीत. अहमदजान थिरकवा यांच्यासारखे थोर वादकहि गंधर्व नाटक मंडळींत साथीलाच बसत. प्रेक्षक जमत ते बालगंधर्वांच्या नांवावर.

हा मान उलटा झाला तो सातासमुद्रांपलीकडे. कर्ष काळे हे मराठी कुटुंबांतील तबलावादक. जन्म १९७४ सालीं इंग्लंडांत, वाढले अमेरिकेंत. त्यांनीं तबल्याला विजेच्या वाद्ययंत्रांची जोड दिली. त्यांचा 'रिअलाइझ' हा गीतसंग्रह २००१ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या 'सिक्स डिग्रीज' या स्वतंत्र ध्वनिमुद्रण संस्थेनें काढला. २००६ सालच्या 'ब्रोकन इंग्लिश'मध्यें तर गझलगायक विशाल वैद यांच्यापासून इंग्रजी गाणाऱ्यांपर्यंत अनेक गळे आहेत. वेष्टनावर ठळक नांव मात्र काळे यांचें. यंत्रावर लय बांधणारा रचनाकारहि तोच असल्यामुळें गायकाला तयार घरांत पाहुणा म्हणून यावें लागतें. जुन्या रसिकांस हा गवयाचा अधिक्षेप वाटेल, आणि तो अगदींच गैर म्हणतां येणार नाहीं.

गंमत अशी कीं, या संग्रहांत शब्दांचें प्राबल्य पूर्वीपेक्षां अधिक. कांहीं गीतांत यजमानांचा तबला आपण होऊन मागें सरतो आणि पुन्हां साथीला बसतो.